बाळ वाढत नाही हे आईच्या रक्तावरून कळतं का?

प्रश्न असा आहे. वय २८, पहिलं बाळंतपण, नोकरी पुण्याला. डोहाळजेवण उरकून बाळंतपणासाठी माहेरी कोल्हापूरला आल्यात. इथं ३३ व्या आठवड्यात सोनोग्राफी केली. बाळाचं अंदाजे वजन १७६० ग्रॅम, म्हणजे ७ पर्सेंटाइल (त्याच आठवड्याच्या शंभर बाळांत वजनानं खालून सातवं). डॉप्लर (सोनोग्राफीतली रक्तप्रवाहाची तपासणी) नॉर्मल, बीपी नॉर्मल, लघवीत प्रोटीन नाही, हिमोग्लोबिन ९.८. इथल्या डॉक्टर म्हणाल्या, दोन आठवड्यांनी परत बघू. पुण्याच्या नणंदेनं वाचलंय की ‘पीएलजीएफ’ नावाची रक्ततपासणी केली की बाळ वाढतंय की नाही ते समजतं. नमुना मुंबईला जातो, खर्च चार-पाच हजार. तर ती करावी का, खराब आली तर लगेच सिझर का, आणि परत पुण्याला जावं का?

कोल्हापुरात प्रसूतिशास्त्राची प्रॅक्टिस करते, त्यामुळे हा प्रश्न मला हल्ली आठवड्याला एकदा तरी ऐकावा लागतो. आधी सरळ उत्तर देते. ही तपासणी बाळाचं वजन सांगत नाही. ती वारेची अवस्था सांगते. तुमच्या परिस्थितीत ती केली तर उपयोग होऊ शकतो, नाही केली तर काही अडत नाही. पण ती केली म्हणून दोन आठवड्यांनी ठरलेली सोनोग्राफी रद्द करायची नाही. नणंदेच्या सल्ल्यात मला खरी भीती एवढीच वाटते, की रिपोर्ट चांगला आला की घरचे म्हणतात, ‘आता कशाला परत सोनोग्राफी?’

रक्ताआधी फाइल उघडा. अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान झालेली पहिली सोनोग्राफी शोधा. त्यात बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजलेली असते आणि तिच्यावरून काढलेली प्रसूतीची तारीख असते. इथल्या सोनोग्राफीत ३३ आठवडे कशावरून धरलेत ते बघा, त्या तारखेवरून की शेवटच्या पाळीवरून? माहेरी येताना बायका शेवटची सोनोग्राफी आणि रक्तगटाचा कागद आठवणीनं आणतात, पण पहिली सोनोग्राफी सासरच्या कपाटात राहते. मग इथला सोनोलॉजिस्ट पाळीची तारीख विचारतो, ती अंदाजानं सांगितली जाते आणि सगळा हिशेब त्या अंदाजावर उभा राहतो. तुमच्याच आकड्यावर बघा. १७६० ग्रॅम हे जगभर वापरात असलेल्या हॅडलॉकच्या तक्त्यात ३१ आठवड्यांच्या बाळाचं अगदी मधलं वजन आहे. म्हणजे तारीख दोन आठवड्यांनी चुकली असेल तर तुमचं बाळ बारकं नाहीच. या सुमाराला बाळ आठवड्याला साधारण दोनशे ग्रॅम वाढतं, त्यामुळे दहा दिवसांचा फरकसुद्धा पर्सेंटाइल कुठल्या कुठं नेतो.

गाळप हंगामात कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडीला आलेल्या बीडकडच्या बायका येतात, त्यांच्याकडं तर पहिली सोनोग्राफी नसतेच. ‘दिवाळीच्या आधी पाळी चुकली’ एवढीच माहिती असते. अशा वेळी मी रक्ताच्या मार्करचं, म्हणजे पीएलजीएफसारख्या वारेची अवस्था सांगणाऱ्या घटकांचं, नावही काढत नाही, कारण त्यांचे आकडेही आठवड्यानुसार वाचायचे असतात. आठवडाच माहीत नसेल तर रिपोर्ट कशाशी ताडायचा? तिथं दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं दोन सोनोग्राफी करून मधली वाढ बघणं हाच मार्ग उरतो.

तारीख बरोबर निघाली असं धरून पुढं जाऊ. सोनोग्राफीतलं वजन म्हणजे डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजून सूत्रात घातलेला अंदाज आहे. तो दहा-पंधरा टक्के इकडंतिकडं होतो. तुमचं बाळ प्रत्यक्षात दीड किलोचं असू शकतं किंवा दोन किलोचं. शिवाय सात पर्सेंटाइल म्हणजे आजार नव्हे. शंभर धडधाकट बाळं ओळीनं उभी केली तरी दहा जण दहाच्या रेषेखाली असणारच. आपल्याकडं तर याचा विचार जास्तच करावा लागतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथल्या पूर्ण दिवसांच्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरलं, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं सुमारे साडेतीन किलो. म्हणून कुठला तक्ता वापरला यावर पर्सेंटाइल बदलतो. २०१४ मध्ये आलेल्या इंटरग्रोथ-२१ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाच्या तक्त्यांसाठी आठ देशांतल्या ज्या शहरांमधून मापं घेतली, त्यांत आपलं नागपूरही होतं. रिपोर्टच्या खाली बारीक अक्षरात तक्त्याचं नाव असतं. पुढची सोनोग्राफी शक्यतो त्याच मशीनवर आणि त्याच तक्त्यावर करा.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती कुणी विचारत नाही. आधी साठ पर्सेंटाइलला असलेलं बाळ आता वीसवर आलं, तर रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिलेलं असतं, सगळे निर्धास्त असतात, आणि खरी उपासमार त्या बाळाची चाललेली असते. २०१६ मध्ये तज्ज्ञांनी एकमतानं ठरवलेल्या व्याख्येनुसार ३२ आठवड्यांनंतर वजन किंवा पोटाचा घेर तीन पर्सेंटाइलच्या खाली असेल तर तेवढ्यावरच वाढ खुंटली असं मानतात. तीन ते दहाच्या मध्ये असेल तर जोडीला आणखी एक पुरावा लागतो: वाढीची रेषा बरीच खाली घसरलेली हवी किंवा डॉप्लर बिघडलेला हवा. तुमच्याकडं आज हे दोन्ही नाही. म्हणजे आजच्या घडीला तुमचं बाळ ‘बारकं’ आहे, ‘वाढ खुंटलेलं’ ठरलेलं नाही. पुण्यातल्या विसाव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या रिपोर्टमधले पोटाच्या घेराचे आकडे काढून डॉक्टरांपुढं ठेवा. चार-पाच हजारांच्या तपासणीइतकीच माहिती त्या जुन्या कागदांत फुकट मिळेल.

आता रक्ताकडं येऊ. गर्भारपणाच्या पहिल्या निम्म्या काळात वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात आणि तिथल्या नागमोडी रक्तवाहिन्या रुंद करतात. हे काम अर्धवट राहिलं तर वरून दाब असूनही, कालव्याच्या टेलला असलेल्या उसाच्या सरीला पाणी पोचत नाही तसं बाळाच्या बाजूला रक्त पोचत नाही. ताणाखाली आलेली वार आईच्या रक्तात सोडायच्या प्रथिनांचं प्रमाण बदलते. पीएलजीएफ हे रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन. १९९१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी ते पहिल्यांदा वारेतूनच शोधलं. वार बिघडली की ते कमी होतं. त्याच्या उलट एसएफएलटी-१ नावाचं प्रथिन वाढतं, आणि ते रक्तात फिरणाऱ्या पीएलजीएफला पकडून निकामी करतं. २००३ मध्ये बोस्टनमध्ये डॉ. अनंत करुमंची यांच्या गटानं गाभण उंदरिणींना हे दुसरं प्रथिन जास्त दिलं, तर त्यांचं बीपी वाढलं आणि लघवीतून प्रोटीन जायला लागलं. प्रीएक्लॅम्पसियाचं, म्हणजे गरोदरपणात बीपी चढण्याच्या धोकादायक आजाराचं, चित्र रक्तातल्या एका प्रथिनानं उभं राहिलं, म्हणून त्या कामाचं एवढं महत्त्व. तेव्हापासून या दोन्हींचं गुणोत्तर, म्हणजे एसएफएलटी-१ भागिले पीएलजीएफ, मोजायची पद्धत आली; ते जितकं जास्त तितकी वार बिघडलेली. रिपोर्टवर बहुधा तीन आकडे असतील: दोन प्रथिनांचे आणि तिसरा गुणोत्तराचा.

आईच्या रक्तावरून वार ओळखायचा प्रयत्न तसा नवा नाही. १९७० च्या दशकात चोवीस तासांची लघवी बाटलीत जमवून त्यातला इस्ट्रिऑल हा हार्मोन मोजायचे, रक्तात वारेचं लॅक्टोजेन हा दुसरा हार्मोन मोजायचे. पुढं ते मागं पडलं, कारण आकडा दिवसागणिक वरखाली व्हायचा आणि त्यानं बाळं वाचतात असं काही दिसलं नाही. नव्या मार्करांकडं बघताना मी हा इतिहास लक्षात ठेवते.

रिपोर्टखाली तुम्हाला ३८, ८५, ११० असे आकडे दिसतील. ते कुठून आले ते माहीत असावं, नाहीतर फसगत होते. ३८ हा आकडा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रॉग्नोसिस अभ्यासातला. त्यात प्रीएक्लॅम्पसियाची शंका असलेल्या बायका घेतल्या होत्या, म्हणजे बीपी चढतंय, डोकं दुखतंय, सूज आहे अशा. गुणोत्तर ३८ किंवा त्याखाली असेल तर पुढच्या एका आठवड्यात प्रीएक्लॅम्पसिया होणार नाही, हे त्यात ९९.३ टक्के वेळा खरं ठरलं. ३८ च्या वर असेल तर मात्र पुढच्या चार आठवड्यांत तो होईल, हे फक्त ३६.७ टक्के वेळा खरं ठरलं. ‘नाही’ म्हणण्यात तपासणी पक्की आहे, ‘हो’ म्हणण्यात कच्ची. आणि मुख्य म्हणजे तिथला प्रश्न आईच्या बीपीचा होता, बाळाच्या वाढीचा नव्हता. ८५ आणि ११० हेही अनुक्रमे ३४ आठवड्यांच्या आधी आणि नंतर प्रीएक्लॅम्पसियाचं निदान पक्कं करायला वापरतात. तुमचं बीपी नॉर्मल आहे. ‘३८ च्या खाली आहे, म्हणजे बाळ ठीक आहे’ हा अर्थ त्या आकड्यात नाही.

मग बाळाच्या वाढीसाठी पुरावा काय म्हणतो? २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या आढाव्यात) वारेच्या जुन्या-नव्या रासायनिक तपासण्या आणि सोनोग्राफी यांची तुलना केली. बारकं बाळ ओळखण्यात सोनोग्राफीतलं अंदाजे वजन सगळ्यांच्या पुढं राहिलं. रक्तातला एकही मार्कर एकट्याच्या जोरावर पुरेसा ठरला नाही. याचं कारणही समजण्यासारखं आहे. ३२ आठवड्यांच्या आधी ज्या बाळांची वाढ खुंटते त्यांची वार फार बिघडलेली असते, त्यामुळे पीएलजीएफ धाडकन खाली येतो, डॉप्लरही बोलतो. शेवटच्या दोन महिन्यांत वाढ थांबते तेव्हा वारेचं नुकसान त्या मानानं थोडं असतं, पण बाळाची भूक मोठी झालेली असते. पुरवठा आणि मागणी यांतला हा फरक रक्तात फार ठळक उमटत नाही. त्यात भर म्हणजे निरोगी बाईतही पीएलजीएफ तिसाव्या आठवड्याच्या सुमारास शिखर गाठून नंतर उतरत जातो आणि एसएफएलटी-१ शेवटी चढतो. छत्तीसाव्या आठवड्यात चांगल्या आणि वाईट आकड्यांची सरमिसळ होते.

तरीही मी ही तपासणी टाकाऊ मानत नाही. केंब्रिजमध्ये पहिलटकरणींवर एक मोठा अभ्यास झाला. त्यातले २०१५ चे आकडे असे, की गरज वाटेल तेव्हाच सोनोग्राफी केली तर बारक्या बाळांपैकी २० टक्के सापडली, आणि सगळ्यांचीच २८ आणि ३६ आठवड्यांना केली तर ५७ टक्के. पण जन्मानंतर ज्यांना खरोखर त्रास झाला ती बहुतेक पोटाच्या घेराची वाढ मंदावलेली बाळं होती, नुसती बारकी नव्हेत. त्याच गटानं २०१८ मध्ये दाखवलं की सोनोग्राफीत दहाच्या खाली असलेलं बाळ आणि जोडीला बिघडलेलं गुणोत्तर, असे दोन्ही एकत्र आले तर धोका स्पष्ट वाढतो. सोनोग्राफीनं बाळ बारकं ठरवल्यावर ‘हे घराण्यानंच बारकं आहे की वारेमुळं?’ हा प्रश्न पीएलजीएफला विचारायचा. त्या प्रश्नाला तो बऱ्यापैकी उत्तर देतो.

तुमच्या डॉक्टरांच्या जागी मी असते तर असं केलं असतं. गुणोत्तर चांगलं आलं तर दर दोन आठवड्यांनी वाढ आणि डॉप्लर, यात बदल नाही, फक्त माझी आणि तुमची झोप थोडी बरी. ३८ ते ८५ च्या मध्ये आलं तर डॉप्लर आठवड्यावर आणते, बीपी आठवड्यातून दोनदा, आणि घरी बीपीचं यंत्र घ्यायला सांगते. ८५ च्या वर आलं तर बीपी आज नॉर्मल असलं तरी ते चढणार असं धरून चालते. डोळ्यांपुढं अंधारी, छातीखाली दुखणं, न थांबणारं डोकं यांची कल्पना नवऱ्याला आणि आईला दोघांना देते. ३४ आठवड्यांच्या आत बाळंत करावं लागण्याची शक्यता दिसली तर बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं. पण कुठल्याही आकड्यावर, फक्त आकड्यावर, सिझर करत नाही. तो निर्णय डॉप्लर, बाळाच्या ठोक्यांचा आलेख आणि आईची तब्येत बघून होतो.

नमुना द्यायचा ठरलाच तर उपाशी राहायची गरज नाही. फॉर्मवर आठवडा आणि दिवस अचूक लिहा. रिपोर्टवर कुठल्या मशीनवर मोजलं ते बघा. रोशच्या मशीनचा आकडा आणि क्रिप्टरचा आकडा एकमेकांशी ताडता येत नाहीत, तेव्हा परत करायची झाली तर त्याच लॅबमध्ये. जुळी असतील किंवा किडनीचा आजार असेल तर आकड्यांचा अर्थ बदलतो. ३७ आठवड्यांनंतर मी ही तपासणी सहसा पाठवतच नाही, कारण तेव्हा शंका असेल तर बाळंत करणं हाच सोपा उपाय असतो.

या तपासणीचा सगळ्यात जास्त फायदा तुम्हाला नाही, दुसऱ्याच बायकांना होतो. ज्यांचं बीपी आधीपासून आहे, ज्यांना आधीच्या खेपेला प्रीएक्लॅम्पसिया झाला होता, ज्यांना ल्युपस आहे, किंवा जिचं बीपी १३८/८८ वर घुटमळतंय आणि ॲडमिट करावं की घरी सोडावं हा पेच आहे. २०१९ च्या इंग्लंडमधल्या चाचणीत डॉक्टरांना पीएलजीएफचा आकडा दिला तेव्हा प्रीएक्लॅम्पसियाचं निदान व्हायला लागणारा वेळ ४.१ दिवसांवरून १.९ दिवसांवर आला. चंदगड किंवा गगनबावड्याहून आलेल्या बाईच्या बाबतीत दोन दिवस लवकर कळणं याला फार किंमत आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये या गुणोत्तराला मान्यता मिळाली, तीही बीपी वाढून ॲडमिट झालेल्या बायकांसाठीच.

एक आकडा मात्र तुमच्याकडं बहुतेक आधीच आहे. तिसऱ्या महिन्यात डबल मार्कर ही रक्ततपासणी केली असेल तर त्यात पॅप-ए नावाची ओळ असते. पॅप-ए हे वारेतून येणारं प्रथिन. आपल्याकडं सगळे शेवटची ‘लो रिस्क’ ही हिरवी पट्टी वाचतात आणि कागद मिटतात. ती पट्टी डाउन सिंड्रोमबद्दल आहे. पॅप-ए ०.४ एमओएमच्या (म्हणजे त्या आठवड्याच्या मधल्या किमतीच्या ०.४ पटीच्या) खाली असेल तर बाळ गुणसूत्रांनी उत्तम असलं तरी वार सुरुवातीपासून कमजोर असण्याची शक्यता असते, आणि अशा बाईची शेवटच्या तिमाहीत वाढ मुद्दाम मोजायची असते. आज संध्याकाळी तो कागद काढा. ०.४ च्या खाली असेल तर मी पीएलजीएफच्या बाजूनं झुकेन. एकच्या आसपास असेल तर चार-पाच हजार पुढच्या सोनोग्राफींसाठी ठेवा म्हणेन.

नव्या मार्करांबद्दलही वाचायला मिळेल. मेलबर्नच्या गटानं २०२० मध्ये स्पिंट-१ नावाचं प्रथिन पुढं आणलं, केंब्रिजच्या गटानं त्याच वर्षी रक्तातल्या चार घटकांचं एक गुणोत्तर सुचवलं. दोन्ही संशोधनाच्या टप्प्यावर आहेत. तुमच्या बाळंतपणाशी त्यांचा संबंध नाही.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण घरी चर्चा नक्की चालू असेल ते. ‘बाळ बारकं आहे, काहीतरी सुरू करा.’ आर्जिनिनची पाकिटं, प्रोटीन पावडरचे डबे, अमिनो ॲसिडचं सलाईन. माझ्याकडं येणाऱ्या फाइलींत यांतलं एक तरी असतंच. वारेमुळं खुंटलेली वाढ यांनी भरून येते असा भरवशाचा पुरावा नाही. पाकिटानं बहुधा अपाय होत नाही, पण त्याच्या भरवशावर सोनोग्राफी पुढं ढकलली तर होतो. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या सिल्डेनाफिल या गोळीचा प्रयोग झाला होता. नेदरलँड्समधली ती चाचणी २०१८ मध्ये थांबवावी लागली, कारण गोळी दिलेल्या गटात नवजात बाळांना फुप्फुसांचा त्रास होऊन काही दगावली. दिवसभर पडून राहण्यानंही बाळ वाढत नाही. ॲस्पिरिनचा उपयोग आहे, पण ती सोळा आठवड्यांच्या आत सुरू करावी लागते. २०१७ च्या ॲस्प्री चाचणीत तिसऱ्या महिन्यात बीपी, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर, पॅप-ए आणि पीएलजीएफ यांवरून जोखमीच्या बायका निवडल्या आणि रात्री १५० मिलिग्रॅम दिली, तर मुदतीआधीचा प्रीएक्लॅम्पसिया ६२ टक्क्यांनी घटला. माझ्या मते पीएलजीएफची खरी जागा तिथं आहे, तिसऱ्या महिन्यात, जेव्हा हातात काही करण्यासारखं असतं. पुढच्या खेपेसाठी लक्षात ठेवा.

तुमचं हिमोग्लोबिन ९.८ आहे, त्याकडं मात्र कुणी बोट दाखवलेलं दिसत नाही. ते आजच दुरुस्त करायला लागा. गोळी चहाबरोबर घेऊ नका, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. गोळीनं वाढत नसेल तर शिरेतून लोह देता येतं, आणि या आठवड्यांत मी त्याला उशीर करत नाही.

आणि एक नाजूक प्रश्न. तुम्हाला लागू नसेल तर सोडून द्या. बारकं बाळ दिसलं की मी नवऱ्याला बाहेर बसवून मिश्रीचं विचारते. ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं तर उत्तर नाही येतं, कारण तव्यावर भाजून कुटलेल्या त्या काळ्या भुकटीला कुणी तंबाखू धरतच नाही. ‘दात कशानं घासता?’ असं विचारलं की सासू मध्येच म्हणते, ‘सकाळी जरा बोट फिरवती, तेवढंच हाय. आमीबी लावलीया की.’ जरा म्हणजे तास-दीड तास हिरडीला ठेवलेली, दिवसातून तीनदा. त्यातलं निकोटिन रक्तात जातं आणि बाळाचं वजन घटवतं. बारक्या बाळाच्या कारणांपैकी आज, या आठवड्यात, बंद करता येईल असं हे एकच कारण आहे. ‘बाळ मोठं झालं तर सिझर होईल, कमी जेव’ हा सल्लाही घरात कुणी देत असेल तर तो ऐकायचा नाही.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये पुढं कधी ‘सीपीआर कमी’ असं दिसलं तर घाबरून थोरल्या दवाखान्याकडं, म्हणजे कोल्हापुरातल्या ‘सीपीआर’ या सरकारी रुग्णालयाकडं, पळू नका. तिथं तो बाळाच्या मेंदूकडचा आणि नाळेतला रक्तप्रवाह यांच्या प्रमाणाचा आकडा असतो. शेवटच्या महिन्यांत नाळेचा डॉप्लर नॉर्मल असूनही आधी हाच बिघडू शकतो, म्हणून पुढच्या वेळी तो मुद्दाम मोजायला सांगा. तो कमी आला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

रिपोर्टची वाट बघताना रोजचं काम एकच, बाळाच्या हालचाली. तुमच्या बाळाची नेहमीची वेळ तुम्हाला माहीत असते. नेहमीपेक्षा कमी वाटलं तर डाव्या कुशीवर पडून दोन तास मोजा. दहा भरल्या नाहीत तर रात्र असो की सण, दवाखान्यात जा आणि ठोक्यांचा आलेख काढून घ्या. ‘परवा रक्त चांगलं आलंय’ म्हणून थांबू नका. रक्त चार दिवसांपूर्वीची वार सांगतं, हालचाल आत्ताचं बाळ.

बाळंतपण कधी? वजन तीन ते दहाच्या मध्ये राहिलं आणि डॉप्लर शेवटपर्यंत चांगला राहिला तर ३८ ते ३९ आठवड्यांच्या दरम्यान. तीनच्या खाली घसरलं तर ३७ पूर्ण झाले की. हॉलंडमधल्या २०१० च्या डिजिटॅट चाचणीत मुदत भरत आलेल्या अशा बाळांसाठी कळा आणून बाळंत करणं आणि लक्ष ठेवून थांबणं यांत बाळांच्या तब्येतीत फरक दिसला नाही, आणि कळा आणल्यानं सिझरही वाढले नाहीत. म्हणजे ‘बारकं बाळ म्हणजे सिझर’ हे समीकरण खरं नाही. कळा चालू असताना ठोक्यांवर सतत लक्ष हवं, एवढी अट. जन्मानंतर अशा बाळाची साखर आणि अंगाची ऊब पटकन उतरते, म्हणून पहिल्या तासात छातीशी धरून दूध पाजणं आणि साखर तपासणं हे आधीच ठरवून ठेवा.

पुण्याला परत जायचं का, हे आईबाबांच्या सोयीवर ठरवू नका आणि नणंदेच्या आग्रहावरही नको. डॉप्लर जाणणारे सोनोलॉजिस्ट आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग दोन्ही कोल्हापुरात आहेत, सीपीआरमध्येही आणि खासगीतही. खासगीचा खर्च झेपत नसेल तर दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी मोफत होते, तिथूनही पुढं पाठवतात. तुम्ही नाव घातलेल्या दवाखान्यात बारक्या बाळाची सोय नसेल तर आत्ताच, पोटात बाळ असताना, दवाखाना बदला. जन्मलेलं दीड-दोन किलोचं बाळ ॲम्ब्युलन्समधून हलवण्यापेक्षा ते कितीतरी सुरक्षित. पुण्याला जायचंच असेल तर पुढच्या सोनोग्राफीनंतर लगेच जा आणि तिथंच राहा. छत्तीसाव्या आठवड्यात इकडं एक डॉप्लर, सदतिसाव्यात तिकडं दुसरा, असं झालं की वाढीची रेषा कुणाच्याच हातात राहत नाही.